बाटलीवरचे साडेबारा टक्के येतात कुठून?

इटलीच्या वायव्येकडील पिडमाँट प्रांतातली मॉस्काटो द'आस्ती, जर्मनीतल्या मोझेल नदीकाठची रीसलिंग काबिनेट आणि कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यातली शार्दोने अशा तीन बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या, तर तिन्हींना आपण पांढरी वाइनच म्हणू. लेबलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला आकडा मात्र पहिलीवर ५.५ टक्के, दुसरीवर ८ टक्के आणि तिसरीवर १४.५ टक्के असा असू शकतो. म्हणजे तिसऱ्या बाटलीतल्या एका ग्लासात पहिल्या बाटलीतल्या ग्लासाच्या अडीचपटीहून अधिक अल्कोहोल असते. एकाच प्रकारच्या पेयात इतके अंतर असण्याचे कारण द्राक्षाच्या मण्यातल्या साखरेत आणि ती साखर संपू द्यायची की मध्येच थांबवायची या निर्णयात आहे. हा हिशेब एकदा समजला, की लेबलावरचा आकडा पाहून वाइन कोणत्या हवामानातली असेल, गोड असेल की कोरडी (म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली), आणि ती किती जपून प्यायला हवी, याचा बराचसा अंदाज बाटली न उघडता बांधता येतो.

प्रथम त्या टक्क्याचा अर्थ. वाइनवरची टक्केवारी वजनाची नसून आकारमानाची असते. १२.५ टक्के याचा अर्थ वीस अंश सेल्सिअस तापमानाला १०० मिलिलिटर वाइनमध्ये १२.५ मिलिलिटर शुद्ध इथाइल अल्कोहोल असते. नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असल्यामुळे तिच्यात सुमारे ९४ मिलिलिटर अल्कोहोल झाले. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचे वजन मात्र साधारण ७४ ग्रॅमच भरते. आरोग्यविषयक सल्ल्यांमध्ये ग्रॅम वापरतात आणि लेबलावर मिलिलिटरची टक्केवारी असते, म्हणून हा फरक आधीच लक्षात ठेवलेला बरा.

साखरेपासून अल्कोहोलपर्यंत

द्राक्षाच्या रसात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. रसात यीस्ट वाढू लागले की ते या साखरा खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-लुसाक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणानुसार १८० ग्रॅम साखरेपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे साखरेचे जवळपास निम्मे वजन वायू होऊन निघून जाते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने टाक्यांच्या तळाशी आणि तळघरात साचतो. त्यामुळेच किण्वनाच्या, म्हणजे रस आंबण्याच्या, दिवसांत रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही वायू तपासल्याशिवाय माणसाला उतरू देत नाहीत.

प्रत्यक्षात यीस्ट थोडी साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरते आणि थोडीतून ग्लिसरॉलसारखे इतर पदार्थ तयार होतात. त्यामुळे व्यवहारात एक सोपा ठोकताळा वापरला जातो : एक लिटर रसातल्या दर १७ ग्रॅम साखरेमागे वाइनमध्ये सुमारे १ टक्का अल्कोहोल तयार होते. रसात लिटरमागे २१२ ग्रॅम साखर असेल आणि ती सगळी आंबली, तर वाइन साडेबारा टक्क्यांची होईल. इतकी साखर ऐकायला फार वाटते, आणि ती खरोखरच फार असते. आपण बाजारातून आणतो ती खाण्याची द्राक्षे साधारण १६ ते १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) काढलेली असतात, तर वाइनची द्राक्षे बहुधा २० ते २४ ब्रिक्सपर्यंत बागेत ठेवली जातात. वाइनची द्राक्षे आंबट असावीत असा पुष्कळांचा समज असतो, पण ती खाऊन पाहिली तर आधी जाणवतो तो गोडवा, आणि त्याच्या मागोमाग जाड साल व बिया.

ब्रिक्स हे माप नाशिक, सांगली किंवा जुन्नर भागातल्या द्राक्षबागायतदाराला नवे नाही. शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम विरघळलेला घनपदार्थ आहे, ते ब्रिक्स सांगते, आणि पिकलेल्या द्राक्षात हा घनपदार्थ मुख्यतः साखरच असतो. ब्रिक्सच्या आकड्याला ०.५५ ते ०.६ ने गुणले की होऊ शकणाऱ्या अल्कोहोलची टक्केवारी मिळते. २२ ब्रिक्सच्या रसातून १२ ते १३ टक्क्यांची वाइन होते, ती अशी. जर्मनीत याच कामासाठी फोर्त्सहाइम गावच्या फर्डिनंड एक्स्ले यांच्या नावाचे माप वापरतात, आणि त्याची रचना सरळ आहे : एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश एक्स्ले. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रेलियात बोमे हे माप चालते, ज्याचा एक अंश म्हणजे अंदाजे एक टक्का अल्कोहोल, त्यामुळे गुणाकाराचीही गरज राहत नाही.

काढणी जवळ आली की बागेत जे चालते त्यावरच बाटलीवरचा आकडा ठरतो, म्हणून ते थोडे सविस्तर पाहू. एकाच घडातले सगळे मणी सारखे पिकत नाहीत. खांद्याकडचे मणी आणि टोकाकडचे मणी, उन्हाकडची बाजू आणि पानांआडची बाजू यांत एक-दोन ब्रिक्सचा फरक सहज पडतो. म्हणून नमुना घेणारा माणूस एका ओळीतून चालत जाताना वेगवेगळ्या वेलींवरचे, वेगवेगळ्या उंचीवरचे आणि दोन्ही बाजूंचे मणी तोडून प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो, पिशवीतच ते चिरडतो आणि त्या एकत्र रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या ब्रिक्स मोजणाऱ्या उपकरणाच्या काचेवर सोडतो. नुसता उन्हातला एक गोड मणी तोडून मोजला, तर आकडा फसवा येतो आणि द्राक्षे लवकर खुडली जातात. चांगला वाइनमेकर याशिवाय मणी चावून पाहतो, बी हिरवी आहे की तपकिरी झाली आहे ते पाहतो आणि प्रयोगशाळेतून आम्लता व पीएच मागवतो, कारण पांढऱ्या वाइनच्या बाबतीत साखरेइतकेच महत्त्व आम्लाला असते.

मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे तो मऊ पडून पिकू लागल्यावर, साखर वाढत जाते आणि आम्ल घटत जाते. द्राक्षात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्ले असतात. त्यांतले मॅलिक आम्ल उष्णतेत वेगाने खर्च होते. थंड प्रदेशात साखर हळूहळू चढते आणि आम्ल टिकून राहते. उष्ण प्रदेशात साखर भराभर चढते आणि आम्ल त्याहून भराभर उतरते. पांढऱ्या वाइनचा ताजेपणा आम्लावर अवलंबून असल्यामुळे तिची द्राक्षे बहुधा तांबड्या वाइनच्या द्राक्षांपेक्षा लवकर खुडतात. तांबड्या वाइनला सालीतला रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारे पदार्थ, पक्व होण्याची वाट पाहावी लागते, पांढरीचा रस साल बाजूला काढूनच आंबवतात, त्यामुळे तिला ती वाट पाहण्याचे कारण नसते. पांढऱ्या वाइन सर्वसाधारणपणे ११ ते १३.५ टक्क्यांच्या आणि तांबड्या १३ ते १५ टक्क्यांच्या आसपास आढळतात, त्यामागचे मोठे कारण हेच आहे.

नाशिकची गोष्ट या नियमात बसते, पण उलट्या वेळापत्रकाने. युरोपात द्राक्षे उन्हाळ्यात भरतात आणि शरद ऋतूत निघतात. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हिवाळ्यात घड पोसले जातात आणि साधारण जानेवारी ते मार्च या काळात काढणी होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या या भागात जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात, पण फेब्रुवारी सरता सरता दुपारचे ऊन तापू लागते. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या नाशिकमध्ये रुजलेल्या पांढऱ्या जातींसाठी ही काळाशी शर्यत असते. आठवडाभर उशीर झाला तर साखर वर गेलेली आणि आम्ल खाली आलेले, अशी स्थिती होते. उष्ण प्रदेशांत रसात टार्टारिक आम्ल मिसळून तोल साधण्याची पद्धत म्हणूनच सर्रास आहे. त्यात लबाडी काही नाही. थंड प्रदेशात साखर मिसळतात, तसाच हा उपाय आहे.

मोझेलचे आठ टक्के

आता मोझेलकडे वळू, कारण अल्कोहोल आणि गोडवा यांचे नाते तिथल्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसते. मोझेलचे खोरे ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणजे वाइनच्या द्राक्षांच्या दृष्टीने बरेच उत्तरेला. रीसलिंगचे वेल नदीवर झुकलेल्या, स्लेटच्या खडकाच्या उभ्या उतारांवर लावलेले असतात. काही उतार इतके तीव्र आहेत की तिथे ट्रॅक्टर चालत नाही. उताराला ऊन सरळ मिळते आणि काळसर खडक दिवसाची ऊब धरून ठेवतो, म्हणूनच तिथे द्राक्ष पिकू शकते. तरीही साखर सावकाश चढते आणि आम्ल भरपूर उरते.

समजा, काबिनेट या हलक्या श्रेणीच्या वाइनसाठी काढलेला रस ८० अंश एक्स्लेचा आहे. त्यातली सगळी साखर आंबली तर सुमारे साडेदहा टक्क्यांची वाइन होईल. पण बाटलीवर ८ टक्के लिहिलेले आहे. मग उरलेल्या अडीच टक्क्यांची साखर गेली कुठे? ती वाइनमध्येच आहे. अडीच गुणिले १७, म्हणजे लिटरमागे ४२ ग्रॅमच्या आसपास. वाइनमेकरने टाकी थंड करून आणि यीस्ट गाळून किण्वन मध्येच थांबवले. इतकी साखर असूनही ही वाइन सरबतासारखी लागत नाही, कारण रीसलिंगचे धारदार आम्ल त्या गोडव्याला आवर घालते. तोच उत्पादक त्याच उतारावरच्या द्राक्षांचा रस शेवटपर्यंत आंबू देतो, तेव्हा लेबलावर ‘ट्रोकन’, म्हणजे कोरडी, असे लिहितो आणि आकडा ११ किंवा १२ टक्क्यांवर गेलेला असतो. जर्मन लेबले वाचायला अवघड असतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती काही अगदीच खोटी नाही. पण रीसलिंगच्या बाबतीत एक आकडा पुष्कळ सांगून जातो : ७.५ ते ९ टक्के असेल तर वाइन जवळजवळ नक्कीच गोडसर, आणि १२ टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा कोरडी.

यावरून गोड वाइन म्हणजे कमी अल्कोहोलची वाइन, असा नियम मात्र करता येत नाही. मॉस्काटो द'आस्ती गोड आणि ४.५ ते ६.५ टक्क्यांची असते, कारण तिचे किण्वन फार लवकर थांबवतात. बोर्दोजवळची सोतर्न तिच्याहूनही गोड, पण १३ ते १४ टक्क्यांची असते, कारण तिथे बोट्रायटिस नावाची बुरशी मण्यातले पाणी कमी करून साखर इतकी दाट करते की यीस्ट भरपूर अल्कोहोल तयार करून दमते, तरी साखर उरतेच. दक्षिण फ्रान्समधल्या काही मस्कत वाइनमध्ये अर्धवट आंबलेल्या रसात द्राक्षापासून गाळलेले तीव्र मद्य ओततात. त्यामुळे यीस्ट मरते, साखर जागच्या जागी राहते आणि वाइन १५ टक्क्यांच्या आसपास जाते. या सगळ्यांच्या टोकाला हंगेरीतली टोकाय एसेन्सिया आहे. वाळत आलेल्या मण्यांच्या स्वतःच्या भारानेच जो रस झिरपतो, तो इतका साखरगच्च असतो की त्यात यीस्टला नीट जगताच येत नाही. वर्षानुवर्षे सावकाश आंबूनही तिचे अल्कोहोल दोन-चार टक्क्यांच्या आसपासच राहते आणि ती चमच्याने चाखतात.

यीस्टची सहनशक्ती हीदेखील एक मर्यादा आहे. आपणच तयार केलेले अल्कोहोल १४ ते १६ टक्क्यांच्या पुढे गेले की बहुतेक यीस्ट टिकत नाही. त्यामुळे १७-१८ टक्क्यांची पांढरी वाइन दिसली, तर तिच्यात बाहेरून मद्य मिसळलेले आहे असे समजायला हरकत नाही. स्पेनमधली फिनो शेरी सुमारे १५ टक्क्यांची असते, आणि तो आकडा मुद्दाम निवडलेला आहे : तेवढ्या अल्कोहोलमध्ये पिंपातल्या वाइनवर साय धरावी तसा यीस्टचा थर तगून राहतो आणि नको असलेले जंतू मात्र वाढत नाहीत. तीव्रता त्याहून बरीच वाढवली, तर तो थरच मरतो.

वाढवणे आणि घटवणे

थंड प्रदेशात एखाद्या वर्षी ऊन कमी पडले, तर साखर पुरत नाही. अशा वेळी आंबण्यापूर्वी रसात साखर मिसळण्याच्या पद्धतीला ‘शाप्तालिझाशन’ म्हणतात. नेपोलियनच्या काळातले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आणि मंत्री झाँ-आंत्वान शाप्ताल यांनी १८०१ मधल्या आपल्या ग्रंथात तिचा पुरस्कार केला, त्यावरून हे नाव पडले. ही साखर वाइन गोड करण्यासाठी नसते, ती सगळी अल्कोहोलमध्ये बदलते. युरोपीय संघाने याला प्रदेशानुसार मर्यादा घातल्या आहेत. उष्ण दक्षिणेत ते करू दिले जात नाही, आणि जर्मनीत काबिनेट, श्पेटलेझे अशा पक्वतेच्या श्रेणीने विकल्या जाणाऱ्या वाइनलाही ते निषिद्ध आहे.

आजची अडचण मात्र बहुतेक ठिकाणी उलटी झाली आहे. उन्हाळे तापू लागल्याने साखर लवकर चढते, पण सुगंध आणि चव पक्व व्हायला लागणारा काळ त्या प्रमाणात कमी होत नाही. ज्या मोझेलमध्ये द्राक्षे कशीबशी पिकत, तिथे आता काबिनेटसाठी हलकी द्राक्षे मिळवायला खास लक्ष ठेवून लवकर काढणी करावी लागते. १९९० नंतरच्या दशकांत आणखी एक कारण जोडले गेले. भरदार, पिकल्या फळाच्या चवीच्या वाइनना समीक्षक जास्त गुण देत होते आणि उत्पादक द्राक्षे वेलीवर अधिक दिवस ठेवत होते. कॅलिफोर्नियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या साडेचौदा टक्क्यांच्या शार्दोने त्यातूनच आल्या. माझ्या मते त्यांतल्या बऱ्याच वाइन पहिल्या घोटाला छाप पाडतात आणि दुसऱ्या ग्लासाला जड होतात.

अल्कोहोल घटवण्याचे मार्ग अनेक आहेत, पण सगळ्यांत जुना आणि स्वस्त मार्ग लवकर खुडण्याचा. ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीतली सेमियों हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. हवामान उष्ण आणि दमट असूनही ही द्राक्षे इतक्या लवकर काढतात की वाइन कोरडी असून १० ते ११.५ टक्क्यांचीच होते. ताजी असताना ती पातळ आणि आंबट वाटते, पण दहा-पंधरा वर्षांनी तिच्यात भाजलेल्या पावासारखा आणि मधासारखा गंध येतो. पोर्तुगालच्या उत्तरेतली व्हिन्यो व्हेर्देदेखील बरीचशी ९ ते ११.५ टक्क्यांतच असते. कारखान्यात अल्कोहोल काढायचे झाल्यास अतिसूक्ष्म पडद्यातून दाबाने गाळणे किंवा निर्वातात कमी तापमानाला ऊर्ध्वपातन करणे, या पद्धती वापरतात. अर्ध्या टक्क्याखालची ‘अल्कोहोलमुक्त’ वाइन अशीच करतात. अल्कोहोलबरोबर चवीचे भरीवपण आणि सुगंधही जातो, म्हणून अशा वाइनमध्ये साखर किती घातली आहे ते पाहून घ्यावे.

आकडा कितपत खरा

लेबलावरचा आकडा हा प्रयोगशाळेतला नेमका आकडा नसतो. युरोपीय संघात तो पूर्ण किंवा अर्ध्या टक्क्यात लिहितात आणि प्रत्यक्ष प्रमाण त्याहून साधारण अर्धा टक्का इकडे-तिकडे चालते. अमेरिकेत १४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला दीड टक्क्याची आणि त्यापुढच्या वाइनला एक टक्क्याची सवलत आहे, फक्त ही सवलत वापरून १४ ची सीमा ओलांडता येत नाही. म्हणजे १२.५ टक्के छापलेली अमेरिकी वाइन प्रत्यक्षात ११ टक्क्यांची किंवा पुरती १४ टक्क्यांचीही असू शकते आणि दोन्ही वेळा लेबल कायदेशीरच असते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारी मद्यविक्री मंडळाकडे तपासणीसाठी आलेल्या हजारो वाइनचे आकडे घेऊन कॅलिफोर्नियातल्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा लेबलावरचे प्रमाण सरासरीने प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवलेले आढळले. ग्राहकाला ज्या आकड्याची अपेक्षा असते त्याच्या जवळचा आकडा छापण्याकडे उत्पादकांचा कल असतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग जीभ काय सांगते? अल्कोहोल जास्त असेल तर घोट गिळल्यावर घशात आणि छातीत ऊब जाणवते, वाइन तोंडात दाट वाटते आणि शेवटी किंचित कडवटपणा राहतो. पांढऱ्या वाइनच्या बाबतीत ही खूण लपते, कारण ती आठ-दहा अंशांपर्यंत गार करून देतात आणि गारव्यात अल्कोहोलची ऊब जाणवत नाही. पुण्यातल्या मे महिन्यात तोच ग्लास टेबलावर अर्धा तास राहिला, की साडेचौदा टक्क्यांची शार्दोने आपले खरे रूप दाखवू लागते.

ग्लास गोल फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांकडे बोट दाखवून ‘ही उंची वाइन’ असे सांगणारे जाणकार प्रत्येक समारंभात भेटतात. त्या थेंबांचा दर्जाशी संबंध नाही. काचेवर पसरलेल्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडते, मागे राहिलेल्या पाणीदार थराचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि वर जमलेले द्रव जड होऊन थेंबांनी खाली येते. १८५५ मध्ये जेम्स थॉमसन यांनी हे कारण मांडले, पण आज ते मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. ग्लासावर बशी झाकून ठेवली की आतली हवा बाष्पाने भरते, अल्कोहोल उडायचे थांबते आणि थेंबही थांबतात. बशी काढली की ते पुन्हा सुरू होतात. थेंब ठळक असतील तर अल्कोहोल बऱ्यापैकी आहे, एवढाच अर्थ त्यातून घेता येतो.

ग्लासातला हिशेब

महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ अशी पाटी लावलेल्या दुकानात वाइनपेक्षा व्हिस्की आणि बिअरच जास्त खपते, त्यामुळे आपल्याकडचा पिणारा पेगच्या हिशेबात विचार करतो. त्याच हिशेबात वाइन बसवून पाहू. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक व्हिस्कीवर ४२.८ टक्के असा आकडा असतो. ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये म्हणून १२.८ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल झाले. ऑस्ट्रेलियात प्रमाण पेय ठरवण्यासाठी हेच १० ग्रॅमचे माप धरतात. साडेबारा टक्क्यांच्या पांढऱ्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात १८.७५ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ दीड लहान पेग. साडेचौदा टक्क्यांची असेल तर १.७ पेग. साडेपाच टक्क्यांची मॉस्काटो असेल तर मात्र पाऊण पेगहूनही कमी. आणि साडेबारा टक्क्यांच्या अख्ख्या बाटलीत ९४ मिलिलिटर अल्कोहोल असते, तर १८० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ७७. एका बैठकीत क्वार्टर संपवणाऱ्याला आपण ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने वाइनची बाटली संपवणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, हे नवलच आहे.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य बरेच दिवस गाजले. द्राक्षबागायतदारांच्या हिताचा युक्तिवाद त्यापेक्षा वेगळा आणि विचार करण्यासारखा आहे, पण रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिले तर व्हिस्कीतले अल्कोहोल आणि वाइनमधले अल्कोहोल यांत कणभरही फरक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही असे सांगितले, तेही सगळ्या प्रकारच्या मद्यांना धरूनच.

उष्मांकांच्या बाबतीत हलक्या वाइनचा फायदा वाटतो तितका मोठा नसतो. अल्कोहोलच्या एका ग्रॅमला सात आणि साखरेच्या एका ग्रॅमला चार उष्मांक धरले, तर साडेबारा टक्क्यांच्या कोरड्या वाइनच्या ग्लासातून शंभराहून थोडे अधिक उष्मांक मिळतात. लिटरमागे १२० ग्रॅम साखर असलेल्या साडेपाच टक्क्यांच्या मॉस्काटोच्या ग्लासात अल्कोहोलचे ४५ आणि साखरेचे ७२ असे मिळून बेरीज जवळपास तितकीच भरते. डोके हलके राहते, वजनाचा काटा मात्र तसाच राहतो. मधुमेह असलेल्यांनी तर ‘कमी अल्कोहोल’ या शब्दांपेक्षा वाइन कोरडी आहे की गोड, हे आधी पाहायला हवे.

गाडी चालवण्याचा प्रश्न याच हिशेबाला जोडलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. किती ग्लासांनंतर ही मर्यादा ओलांडली जाते, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर देता येत नाही, कारण शरीराचे वजन, स्त्री की पुरुष, पोट भरलेले की रिकामे, पिण्याचा वेग, या सगळ्यांवर ते अवलंबून असते. यकृताचा वेग मात्र बराचसा ठरलेला असतो. प्रौढ माणसाचे शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल संपवते, आणि कडक कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. साडेबारा टक्क्यांच्या बाटलीतले ७४ ग्रॅम संपायला त्यामुळे साधारण साडेसात ते साडेदहा तास लागतात. रात्री बारापर्यंत एकट्याने बाटली संपवून झोपलेला माणूस सकाळी सात वाजता ताजातवाना होऊन गाडीची किल्ली उचलतो, तेव्हाही त्याच्या रक्तात त्या बाटलीतले काही ग्रॅम अल्कोहोल शिल्लक असू शकते.